ब्रेक का ओरडतो?

परभणी जिल्ह्यातील सेलू तालुक्यातले वालूर हे गाव जुन्या बारवांसाठी नावाजलेले आहे. तेथील चक्राकार पायऱ्यांची बारव पाहण्यास लांबून माणसे येतात. आम्ही मात्र तेथे गेलो होतो ते बहिणीकडे चार दिवस राहावयास. दसरा होऊन आठ-दहा दिवस झाले होते. आमच्या भाच्याला, तो नववीत आहे, त्या दसऱ्याला जिल्ह्याच्या गावाहून नवी सायकल आणली होती. जाड टायरांची, गिअरची, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक असलेली; जिला आजची मुले माउंटन बाइक म्हणतात ती.

हा मुलगा शाळेतून परत येताना दारापाशी ब्रेक लावीत नसे. दोन्ही पाय जमिनीला घासत घासत सायकल थांबवी. नव्या चपलांचे तळ आठवड्यात गुळगुळीत झाले होते. कारण विचारले तेव्हा पहिल्यांदा काही बोलेना. मग म्हणाला, "मामा, ब्रेक दाबला की सायकल बोंबलायली. पोरं हसायलेत."

अधिक चौकशी केली तेव्हा सारी हकीकत कळली. पहिल्या दिवसापासून दोन्ही ब्रेक किंचाळत होते आणि पुढचा ब्रेक लावला की हँडल थरथरत होते. शेजारच्या एका जाणत्या गृहस्थांनी सांगितले, "बिजागरी कुरकुरली तर आपण काय करतो? तेल सोडतो." त्याप्रमाणे शिवणयंत्राचे तेल मागच्या डिस्कवर सोडण्यात आले. आवाज तत्काळ थांबला. मात्र आवाजाबरोबर ब्रेकही गेला. दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या उतारावर सायकल थांबेना आणि उभ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर जाऊन आदळली. गुडघा फुटला, एवढ्यावरच निभावले. चार दिवसांनी आवाज परत आला, तो पहिल्यापेक्षा मोठा. तेव्हापासून या मुलाने ब्रेकला हात लावणेच सोडले.

गोष्ट लहान आहे. पण आवाजाची लाज वाटून एखादे मूल ब्रेक लावणे सोडून देते, ही गोष्ट आम्हांस लहान वाटली नाही. नव्या सायकलीचा ब्रेक का ओरडतो, का थरथरतो आणि त्यावर काय करावे हे प्रत्येक घरात ठाऊक असावे, म्हणून हा विषय आज आपल्यापुढे मांडीत आहोत.

प्रथम आवाजाचे मूळ पाहू. सारंगीवर किंवा व्हायोलिनवर गज फिरतो तेव्हा काय होते? गज तारेला पकडतो आणि आपल्याबरोबर थोडी ओढून नेतो. ताण वाढला की तार निसटते व मागे येते. गज तिला पुन्हा पकडतो. ही धर-सोड एका सेकंदात शेकडो वेळा होते आणि तिचाच सूर होतो. स्थिर वस्तू हलविण्यास जेवढा जोर लागतो त्याहून कमी जोर ती सरकू लागल्यावर लागतो, या घर्षणाच्या स्वभावातून ही धर-सोड निर्माण होते. पकड वाढावी म्हणून वादक गजाला राळ लावतो. त्याच गजाला कोणी तेल लावले तर सूर निघणार नाही, हे सांगावयास नको.

ब्रेकचे नेमके असेच आहे. चाकाबरोबर फिरणारी पोलादी डिस्क ही तार, तिला दोन्ही बाजूंनी दाबणारे पॅड हा गज. पॅड डिस्कला धरतात, सोडतात, पुन्हा धरतात. डिस्क पातळ असते. झांजेसारखी तीही वाजू शकते. धर-सोड सेकंदाला हजारांच्या घरात गेली की शिट्टी अथवा किंकाळी ऐकू येते. तीच सेकंदाला दहा-वीस-पन्नास वेळा झाली की कानाला फारसे काही कळत नाही, पण हाताला थरथर जाणवते. म्हणजे आवाज आणि थरथर ही दोन निराळी दुखणी नव्हेत. एकाच घर्षणाची ही जलद आणि संथ अशी दोन रूपे आहेत.

बिजागरी आणि ब्रेक यांतील भेदही येथेच उघड होतो. बिजागरीत घर्षण नको असते, म्हणून तेथे तेल हा उपाय. बैलगाडीच्या आसाला आपण वंगण देतो तेही याच कारणाने. ब्रेक मात्र घर्षणावरच जगतो. घर्षण काढून टाकले की आवाज जातो हे खरे; पण ज्याकरिता ब्रेक बसविला तेही जाते.

ब्रेकला किती काम करावे लागते याचा हिशेब करू. स्वार व सायकल मिळून ८० किलो वजन धरा, आणि वेग ताशी १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५ मीटर. या गतीतील ऊर्जा १,००० जूल होते. सायकल थांबविणे म्हणजे या सगळ्या ऊर्जेची उष्णता करणे. ती सारी १०० ग्रॅम वजनाच्या एका पोलादी डिस्कमध्ये गेली असे मानले, तर डिस्कचे तापमान सुमारे २० अंश सेल्सिअसने वाढेल. आता वेग दुप्पट करा. ऊर्जा दुप्पट नव्हे, चौपट होते, ४,००० जूल. डिस्क ८० अंशांनी तापेल. लांब उतारावर सतत ब्रेक धरून ठेवल्यास ती किती तापेल याचा अंदाज यावरून करता येईल. म्हणूनच उतरून आल्यावर डिस्कला बोट लावू नये. फिरत्या डिस्कजवळ तर बोट कधीच नेऊ नये. तिच्या भोकांत अडकून बोट तुटू शकते.

माउंटन बाइकचा इतिहासही या उष्णतेशी जोडलेला आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात काही तरुण जुन्या दणकट सायकली घेऊन डोंगराच्या कच्च्या वाटेने खाली येत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी तेथे पहिली शर्यत लावली. दोन मैलांच्या आसपास अंतरात सुमारे १,३०० फूट उतार! त्या सायकलींचा ब्रेक मागच्या हबच्या आत असे व पेडल उलटे फिरविल्यावर लागे. तो ग्रीसमध्येच काम करणारा होता. एका उतरणीत तो इतका तापे, की ग्रीस जळून धूर निघे आणि हब उघडून नव्याने ग्रीस भरावे लागे. या पुन्हा भरण्याला इंग्रजीत 'रीपॅक' म्हणतात. शर्यतीचे नावही 'रीपॅक' असेच पडले. पुढच्याच वर्षी, १९७७ मध्ये, त्यांच्यापैकी जो ब्रीझ यांनी अशा वाटांसाठी खास चौकट बांधली. आज गावोगाव दिसणारी जाड टायरांची सायकल ही त्याच कुळातली.

डिस्क ब्रेक हा त्याहून जुना. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी मोटारीसाठी १९०२ साली त्याचे पेटंट घेतले. त्यांच्या रचनेत तांब्याचे गुटके धातूच्या चकतीवर दाबले जात, आणि त्यांचा आवाज इतका कर्कश होई की तोच त्यांचा मोठा दोष ठरला. तेव्हा आपला ब्रेक ओरडतो म्हणून कोणी आपल्याला फसविले असे लगेच समजू नये. डिस्क जन्मापासूनच बोलकी आहे.

वडीलधाऱ्या श्रोत्यांना वाटेल, की आमच्या काळ्या सायकलींना हा त्रास नव्हता. हँडलपासून चाकापर्यंत सळया असलेले ते ब्रेक रिमच्या आतल्या बाजूस रबर लावीत. त्यांचा दाब बेताचा होता आणि रबर मऊ होते. म्हणून ते सहसा गप्प असत. पण पावसात रिम ओली झाली की सायकल कुठे जाऊन थांबे, हेही याच मंडळींना आठवत असेल. पकड वाढली तशी वाजण्याची शक्यताही वाढली.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. वैद्य जसा आधी नाडी पाहतो, तसे हातात पाना घेण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. आवाज पुढच्या चाकाचा की मागच्या? ब्रेक लावल्यावरच येतो की न लावताही? अखंड येतो की चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात एकदा? आणि कोरड्या रस्त्यावर येतो की ओल्यावरच? या चार उत्तरांनी निम्मे निदान होते.

ब्रेक लावल्यावरच अखंड किंकाळी येत असेल आणि सायकल नवी असेल, तर बहुधा ब्रेक अजून 'बसलेला' नाही. नवा पॅड आणि नवी डिस्क यांचे पृष्ठभाग एकमेकांना अनोळखी असतात. ते तापत-घासत गेले की पॅडमधील द्रव्याचा अतिशय पातळ आणि सारखा थर डिस्कवर चढतो. तो चढल्यावर पकड वाढते आणि आवाज बहुधा कमी होतो. तो थर मुद्दाम चढवावा लागतो. मोकळा, सपाट, वाहनांचा त्रास नसलेला रस्ता निवडावा. बऱ्यापैकी वेग घेऊन एकच ब्रेक हळूहळू व सारख्या दाबाने लावावा, आणि चालण्याच्या गतीवर आल्यावर सोडावा. पूर्ण थांबू नये, चाक जाम करू नये. असे सुमारे वीस वेळा. मग थोड्या अधिक वेगाने आणखी दहा वेळा. नंतर दुसऱ्या ब्रेकचे तसेच. गरम डिस्क एका जागी दाबून धरली तर थर एका ठिकाणी जाड बसतो, आणि पुढे तेथेच धक्का जाणवतो. घाईच्या विक्रीत हे काम करून देण्यास सवड नसते, म्हणून ते आपण करावे.

असे करूनही किंकाळी राहिली आणि पकडही कमी वाटली, तर तेलाचा संशय घ्यावा. तेल मुद्दामच सोडावे लागते असे नाही. नवी सायकल चकचकीत दिसावी म्हणून फडक्याने पॉलिश फिरविले जाते. साखळीला तेल फवारताना ते उडून डिस्कवर बसते. पूजेच्या वेळी हळदकुंकवाची बोटे आणि नारळाचे पाणी डिस्कवर पडते. पूजा अवश्य करावी. कुंकू हँडलला लावावे. साध्या हाताचा तेलकटपणाही डिस्कला पुरतो. उपाय असा: स्वच्छ फडके आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून डिस्क दोन्ही बाजूंनी पुसावी. ते औषधांच्या दुकानात मिळते. ज्वालाग्राही असल्यामुळे ते विस्तवापासून दूर ठेवावे. रॉकेल वापरू नये, त्याचा तेलकट थर मागे राहतो. पॅड काढून त्यांचा पृष्ठभाग बारीक पॉलिश पेपरवर हलका घासावा आणि भुकटी हवेत उडू न देता ओल्या फडक्याने टिपावी. पॅडमध्ये तेल खोल मुरले असेल तर मात्र ते टाकून नवे घ्यावेत. पॅड भाजून तेल काढण्याच्या युक्त्या ऐकू येतात; घरात त्या करू नयेत.

ब्रेक न लावताही घासल्याचा बारीक आवाज येत असेल, तर पॅडची पेटी, म्हणजे कॅलिपर, डिस्कच्या मध्यावर नाही. आधी चाक जागेवर नीट बसले आहे का ते पाहावे. मग कॅलिपर धरून ठेवणारे दोन बोल्ट किंचित सैल करावेत, ब्रेकची मूठ दाबून धरावी, आणि दाबलेल्या स्थितीतच ते आळीपाळीने आवळावेत. कॅलिपर आपोआप मध्यावर येतो. तारेवर चालणाऱ्या पुष्कळशा स्वस्त डिस्क ब्रेकांत एकच पॅड सरकतो, दुसरा जागच्या जागी असतो. तेथे स्थिर पॅड त्याच्या स्क्रूने डिस्कच्या अगदी जवळ, पण न टेकेल असा आणावा लागतो. नाहीतर सरकता पॅड डिस्कला वाकवून त्याच्यावर नेतो आणि तक्रार सुरू होते.

प्रत्येक फेऱ्यात एकदाच 'खस्स' होत असेल, तर डिस्क वाकलेली आहे. बसच्या टपावरून किंवा टेम्पोतून आलेल्या सायकलींत हे नेहमीचे. चाक उचलून फिरवावे आणि पॅडमधल्या फटीकडे डोळा ठेवावा. वाक लगेच दिसतो. वाक काढणे हे सवयीच्या हाताचे काम आहे, ते कारागिराकडे सोपवावे.

थरथरीचे मूळ पुष्कळदा कोठल्या तरी ढिलाईत सापडते. पुढचा ब्रेक दाबून धरा आणि सायकल जागच्या जागी पुढे-मागे हलवा. 'टक् टक्' जाणवले तर हँडल ज्या नळीत फिरते तेथील छर्ऱ्यांत ढिलाई आहे. नंतर चाक वरून धरून डावी-उजवीकडे हलवा. हलले तर हबचे छर्रे किंवा आसाची पकड सैल आहे. त्यानंतर कॅलिपरचे आणि डिस्कचे बोल्ट पाहा. नव्या सायकलीत हे बोल्ट पहिल्या काही दिवसांत सैल होऊ शकतात. मात्र आवळताना पहिलवानी करू नये; बोल्ट लहान असतात, आटे जातात. सारे घट्ट असूनही थरथर राहिली, तर डिस्कवरचा असमान थर हे कारण धरावे आणि डिस्क पुसून ब्रेक पुन्हा बसवावा.

ज्या सायकलींना डिस्क नाही, रिमला दोन्ही बाजूंनी रबर लागते, त्यांचा उपाय अगदी सोपा आहे. रबराचे पुढचे टोक, म्हणजे चाक फिरते त्या दिशेचे, मागच्या टोकापेक्षा सुमारे एक मिलिमीटर आधी रिमला टेकले पाहिजे. रबराच्या मागच्या टोकाखाली घडी केलेले पोस्टकार्ड ठेवावे, ब्रेक दाबावा, आणि त्याच स्थितीत रबराचा नट आवळून पोस्टकार्ड काढून घ्यावे. रबरात रुतलेले खडे आणि धातूचे चकाकणारे कण सुईने काढावेत. एवढ्याने कित्येक सायकली मुक्या होतात.

ओल्या सकाळी किंवा पावसात पहिले दोन-चार ब्रेक ओरडले आणि मग गप्प झाले, तर त्यास दोष म्हणू नये. डिस्क कोरडी होईपर्यंतचा तो आवाज आहे. आपल्या भागातील काळ्या मातीचा चिखल मात्र वेळीच साध्या पाण्याने धुवावा. वाळून तो पॅडमध्ये बसला की घासकागदाचे काम करतो.

काही खुणा अशा आहेत की त्या दिसल्यावर घरी खटपट करीत न बसता सायकल चालविणे तत्काळ थांबवावे. मूठ दाबल्यावर हँडलला जाऊन टेकते. तेलावर चालणाऱ्या ब्रेकच्या नळीतून अथवा कॅलिपरमधून तेल झिरपते. डिस्कला तडा दिसतो. किंवा पॅडचे द्रव्य संपून धातूवर धातू घासल्याचा खरखराट येतो. नवी डिस्क बहुधा १.८ मिलिमीटर जाड असते आणि १.५ च्या आसपास आली की बदलावी लागते; किमान जाडीचा आकडा पुष्कळदा तिच्यावरच कोरलेला असतो. तेलावर चालणाऱ्या ब्रेकांत दोन जातींची तेले वापरतात. एकाच्या जागी दुसरे घातले तर आतील रबरे खराब होतात. चाक काढलेले असताना अशा ब्रेकची मूठ दाबू नये. पॅड एकमेकांना चिकटून बसतात आणि मग चाक बसत नाही.

आता भाच्याच्या सायकलीचे काय झाले ते सांगून पुरे करू. मागचे पॅड तेलाने तुडुंब भिजले होते, ते बदलले. दोन्ही डिस्क पुसल्या. पुढच्या कॅलिपरचा एक बोल्ट बोटाने फिरत होता! थरथर तीच. त्या दिवशी संध्याकाळी गावाबाहेरच्या सरळ रस्त्यावर मुलाने तीस-तीस वेळा ब्रेक लावले आणि आम्ही बांधावर बसून मोजले. विसाव्या खेपेच्या सुमारास किंकाळी विरत गेली. सारा खर्च पॅडच्या एका जोडीचा.

परत निघालो त्या पहाटे दव पडले होते. मुलगा आम्हांस बसथांब्यापर्यंत पोचवावयास सायकलवर आला. थांबताना ब्रेक किंचित ओरडला. समोर त्याचे दोन सोबती उभे होते, ते हसले. त्याने पाय खाली टेकले नाहीत. "ओली हाय डिस्क," एवढेच म्हणाला, आणि मूठ दाबून सायकल जेथे थांबवावयाची तेथेच थांबविली.

घरात नवी सायकल आली असेल तर आज संध्याकाळी एवढे करावे: पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवून पाहावी, डिस्क स्वच्छ फडक्याने पुसावी, आणि तेलाची बाटली मुलाच्या हाती देताना ती कोठे वापरावयाची नाही हे आधी सांगावे.